रेमसच्या मृत्यूचे पाठभेद

३ डिसेंबर २००५, शनिवार
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

प्रबंधाचं तिसरं प्रकरण एप्रिलअखेर द्यायचं आहे. आज पहिलं पान लिहिलं आणि खोडलं.

संध्याकाळी गिरिजा भाकरी थापत होती. तिचा विषय माती. दिवसभर लॅबमध्ये मातीचे नमुने चाळते आणि घरी येऊन पिठात हात घालते. म्हणाली, "तुझं ते दोन भावांचं काय आहे ते एकदा नीट सांग बघू. चार वर्षं एका घरात राहतोय आणि मला अजून माहीत नाही तू काय करतेस."

मी ओट्यावर बसून सांगितलं. जुळे भाऊ, रोम्युलस आणि रेमस. राजानं नदीत सोडून दिलेले. लांडगीनं दूध पाजलं, एका गुराख्यानं आणि त्याच्या बायकोनं वाढवलं. मोठे झाल्यावर दोघांनी ठरवलं, जिथे आपण वाचलो तिथेच शहर वसवायचं. पण कुठल्या टेकडीवर, यावरून बिनसलं. मग पक्ष्यांचा कौल लावला. रेमसला आधी सहा गिधाडं दिसली. रोम्युलसला नंतर बारा. एक म्हणतो मला आधी दिसली, दुसरा म्हणतो मला जास्त दिसली.

"मग?"

"रोम्युलसनं आपल्या टेकडीवर भिंत बांधायला घेतली. ती होती एवढीशी. रेमस हसला आणि तिच्यावरून उडी मारून आत गेला. तिथेच मेला."

"म्हणजे भावानं मारला."

"बहुतेक ठिकाणी तसंच आहे. एक इतिहासकार म्हणतो, मारामारीत मेला, नक्की कोणाच्या हातून ते ठाऊक नाही. आणि एका कवीच्या मते रोम्युलसनं मारलंच नाही. मारलं मुकादमानं. केलेर नावाचा मुकादम होता, त्यानं डोक्यात फावडं घातलं. कोणाचं खरं, म्हणजे कोणी कोणाला कशासाठी वाचवलं, ते माझं प्रकरण."

गिरिजानं भाकरी उलटली. "मुकादम बरा सापडला," म्हणाली.

नंतर खालच्या अपार्टमेंटमधून शंतनू आणि त्याचा धाकटा भाऊ प्रसन्न जेवायला आले. शंतनूचं लायसन्स सस्पेंड झालं आहे, स्पीडिंगची तिकिटं फार झाली म्हणून. मे महिन्यापर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तोवर त्याची गाडी गिरिजा चालवणार. तो हसून म्हणाला, "मला शोफर मिळाली." मला गाडी येत असती तर, असं उगाच वाटून गेलं.

१७ डिसेंबर, शनिवार

खाली दोघा भावांचे आवाज चढले होते. म्हणजे शंतनूचा. प्रसन्नचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे समोरच्याचा जास्तच चढतो.

थोड्या वेळानं प्रसन्न वर आला. "आसावरीताई, चहा आहे का गं?" शंतनूची पीएच.डी. झाली, आता त्याला हर्नडनला जाऊन कंपनी काढायची आहे. कागदोपत्री त्याच्या मित्राच्या, विक्रमच्या नावावर, कारण विक्रमकडे ग्रीन कार्ड आहे. पण कंपनी दोघा भावांची असावी असा शंतनूचा हट्ट. प्रसन्ननं गणित सोडून त्याच्याबरोबर जायचं.

"दादाला वाटतं मी त्याच्या कंपनीला हसतो," प्रसन्न म्हणाला. "हसतो थोडा. ऑफिस नाही, कस्टमर नाही, पण व्हिजिटिंग कार्डं छापून आलीत, यार. त्यात माझंपण एक आहे."

मला त्याचं हसणं आवडलं नाही. ज्याला काही उभं करायचं आहे त्याला हसणं सोपं असतं. तसं मी त्याला बोललेसुद्धा. तो म्हणाला, "तू दादाच्या बाजूनं बोलणार हे मला माहीतच होतं," आणि कप विसळून ठेवून गेला.

त्याच्या बोलण्याचा मी फार विचार करणार नाही.

८ जानेवारी २००६, रविवार

पुढच्या शनिवारी संक्रांत. गिरिजाचं म्हणणं, यंदा तिळगूळ घरी करायचा. इथल्या एकुलत्या इंडियन दुकानात चिक्कीचा गूळ नसतो. चार तासांवर एडिसनला आपली खूप दुकानं आहेत. त्याच शनिवारी चौघांनी तिथे जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं ठरलं. शंतनूही येणार. आठवडाभर मी त्याच्याशी धड बोललेले नाही, त्यामुळे पहाटे सहाला निघायला मी एका पायावर तयार आहे.

१८ जानेवारी, बुधवार

डावं कॉलरबोन मोडलं आहे. उजव्या हातानं लिहिता येतं.

प्रसन्न गेला.

क्रमानं लिहिते. पोलिसाला सांगितलं तेव्हा तुटक सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी जाताना गिरिजा चालवत होती. दहाच्या सुमारास ओक ट्री रोडला पोचलो. तीळ, गूळ, ज्वारीचं पीठ घेतलं. जेवलो. गिरिजाचं डोकं दुखत होतं, तिनं गोळी घेतली. एक वाजता परत निघालो. गिरिजाच चालवत होती, शंतनू तिच्या शेजारी. मी मागे डावीकडे, ड्रायव्हरच्या पाठीमागे. माझ्या शेजारी प्रसन्न. पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर बर्फ भुरभुरायला लागला आणि मला झोप लागली. मधे कुठेतरी गाडी थांबली. दारं वाजली, गार वारा आत आला, कोणीतरी कॉफी म्हणालं. मी डोळे उघडले नाहीत. त्यानंतर झोपेतच प्रसन्नचा आवाज ऐकल्याचं आठवतं. "दादा, बास ना आता. दादा, प्लीज." पुन्हा कंपनीवरून जुंपली वाटतं, असं मनात आलं. मी कोटाची कॉलर कानावर ओढून घेतली.

मग गाडी गोल फिरली. किती वेळा ते माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा गाडी उजव्या कुशीवर पडली होती, रस्त्यापासून खाली, उतारावर. वर, आकाशाकडे, ड्रायव्हरचं दार उघडं होतं. शंतनू तिथून बाहेर पडला होता आणि आत वाकून गिरिजाला ओढत होता. मग मला काढलं. गिरिजाच्या डोक्यातून रक्त येत होतं, ती हाकेला ओ देत नव्हती. प्रसन्न गाडीत नव्हता. त्यानं पट्टा लावला नव्हता. बोलायला पुढे वाकला असेल.

शंतनूला तो वरच्या बाजूला सापडला. पोलीस आले तेव्हा शंतनू बर्फात बसला होता आणि प्रसन्नचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पोलिसानं त्याला विचारलं, गाडी कोण चालवत होतं. तो काही बोलेना. मग पोलीस माझ्याकडे वळला. मी म्हटलं, गिरिजा. त्यानं लिहून घेतलं, आणि पुन्हा शंतनूकडे पाहून विचारलं, "बरोबर आहे का, सर?"

शंतनूनं मान हलवली.

त्या अवस्थेत त्याला विचारायला नको होतं.

२२ जानेवारी, रविवार

शंतनू उद्या प्रसन्नला घेऊन नागपूरला जाणार. कागद, शिक्के, फ्युनरल होम, विमानकंपनी. सगळं त्यानं एकट्यानं केलं. मी एका हातानं त्याची बॅग भरून दिली. त्याला हात वर करता येत नव्हता, म्हणून मी मलम लावून दिलं. डाव्या खांद्यापासून खाली उजव्या बरगडीपर्यंत जांभळा पट्टा उठला आहे, सीटबेल्टचा. माझाही डावीकडेच. मी म्हटलं, "बघ, आपल्या दोघांना सारखंच लागलंय." त्यानं शर्ट खाली ओढला आणि बाथरूममध्ये गेला. बराच वेळ नळ चालू होता.

गिरिजा अजून हॉस्पिटलमध्ये आहे. डोळे उघडते, मला ओळखते, पुन्हा झोपते.

४ फेब्रुवारी, शनिवार

गिरिजाला घरी आणलं. तिला एडिसनमधलं जेवण आठवतं, त्यापुढचं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, ते बहुधा कधीच येणार नाही.

आज तिला अंघोळ घातली. दोघींच्या मिळून दोन धड हातांची कसरत. तिच्या उजव्या खांद्यावरचा डाग अजून पिवळा आहे, छातीवरून डाव्या कमरेपर्यंत उतरलेला. मी तिथे साबण लावला नाही. ती म्हणाली, "आसावरी, मला झोप लागली होती का गं? चालवताना?"

"मी झोपले होते, गिरिजा. मला काय माहीत."

"मग मी काय केलं असेल?"

"बर्फ होता. कोणाच्याही हातून झालं असतं."

ती बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. "पण माझ्या हातून झालं की," म्हणाली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

महिन्यानंतर पुन्हा प्रकरण हातात घेतलं. आश्चर्य म्हणजे लिहिता येतंय. रेमसचं नाव मुळात यमाशी जोडलेलं असावं असं काही भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. संस्कृतात यम म्हणजे जुळा, आणि तोच पहिला मेलेला. म्हणजे जग उभं करायला जुळ्यातला एक मरावा लागतो, अशी ती जुनी गोष्ट असेल. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. गोष्ट जुनी होती तोवर भावानं भावाला मारलेलं चालत होतं. शहर मोठं झालं, सत्ता आली, तेव्हा ते चालेनासं झालं. मग केलेर आला.

डॉ. व्हिटकरना ही मांडणी आवडली. त्या माझ्या गाईड. म्हणाल्या, "इतक्या शतकांनंतर गोष्टीत एक नाव शिरतं तेव्हा ते नाव खरं की खोटं हे नंतर बघ. आधी बघ, त्या नावामुळे कोण सुटतं."

हे मी कार्डावर लिहून टेबलासमोर चिकटवलं.

१२ मार्च, रविवार

शंतनू परत आला. बरोबर त्याचे आईबाबा, आम्ही त्यांना काका-काकू म्हणतो. दोघांचे व्हिसा आधीच झाले होते, मेमध्ये त्याच्या कॉन्व्होकेशनला यायचं म्हणून. राजाराम काका बँकेतून रिटायर झालेले, नीटनेटके. प्रसन्नच्या खोलीत गेले आणि त्याची गणिताची वही उघडून बसले. एकही अक्षर कळत नसणार. पानं मात्र एकेक करून शेवटपर्यंत उलटली.

सुमित्रा काकूंनी मला विचारलं, "ती मुलगी कुठे आहे?"

मी म्हटलं, "वर. काकू, तिला खूप त्रास होतोय. आज नको."

"मी भांडायला नाही आली, बाई."

१४ मार्च, मंगळवार

काकू आज वर आल्या. हातात डबा. शंतनू आणि मी मागे. गिरिजा उठून उभी राहिली आणि भिंतीला टेकली. एकदम खाली बसून तिनं काकूंच्या पायावर डोकं ठेवलं, ज्या बाजूला टाके आहेत तीच बाजू.

काकूंनी तिला उठवलं. त्यांना बळ लावावं लागलं. "रडून नको राहू अशी," म्हणाल्या. "तू काय मुद्दाम केलं? तुझ्या हातून घडायचं होतं, घडलं. मी तुला माफ केलं म्हणते, ऐकलं? त्याच्या बाबांनीपण केलं. आता जेव."

डब्यात वांग्याचं भरीत होतं. काकूंनी स्वतः घास भरवला. गिरिजानं तो गिळला आणि तिला उलटी झाली. काकू पदरानं तिचं तोंड पुसत राहिल्या.

शंतनू म्हणाला, कपडे ड्रायरमध्ये राहिलेत, आणि खाली गेला. बिचाऱ्याला ते बघवलं नसेल. मी गेले तेव्हा लॉन्ड्रीरूममध्ये तो बंद मशीनसमोर उभा होता. मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही. गेल्या दोन महिन्यांत मला कुठे सुखासारखं काही वाटलं असेल तर त्या क्षणी. असं लिहायला लाज वाटते, पण इथे खोटं कशाला लिहू?

२९ मार्च, बुधवार

मॅजिस्ट्रेटपुढे गिरिजानं गुन्हा कबूल केला. वेग आणि निष्काळजीपणा, त्यातून मृत्यू. आपली बाजू मांडायला वकील घेता येईल असं त्यांनी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, नको. तिचं लायसन्स जमा झालं. माझा जबाब वाचून दाखवला आणि मी सही केली. शंतनूला बोलवायची वेळच आली नाही.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "सही केली तेव्हा बरं वाटलं बघ. आठवत नसलं तरी कागदावर तर आहे."

१६ एप्रिल, रविवार

प्रकरणाचा मधला भाग झाला. त्या कवीनं काय केलंय ते आज नीट लिहून काढलं. रेमस मेल्यावर तो त्याचं भूतच उभं करतो. ते रात्री त्या गुराख्याच्या आणि त्याच्या बायकोच्या उशाशी येतं. ज्यांनी त्याला वाढवलं त्यांच्या. आणि सांगतं, माझ्या भावाचा यात दोष नाही, त्यानं माझ्यासाठी अश्रू ढाळले, तळतळाट लागो तो केलेरला. म्हणजे मारणाऱ्याच्या सुटकेसाठी मेलेल्यालाच साक्षीला उभं केलं, तेही आईबापांपुढे. याहून पक्की सोय कुठली? मला हे लिहिताना अंगावर काटा आला आणि थोडा अभिमानही वाटला.

दुपारी गिरिजा खोलीत आली. "मला काहीतरी आठवतंय."

"काय?"

"काच. बाहेर बर्फ आणि आतून काचेवर वाफ. मी हातानं पुसतेय. उजव्या हातानं. काच माझ्या उजवीकडे आहे. आणि मांडीवर कॉफीचा कप."

मी म्हटलं, "दुसऱ्या कुठल्या वेळचं असेल."

"कप मांडीवर ठेवून मी कशी चालवीन गं?"

"गिरिजा, डॉक्टर म्हणाले होते ना, मार लागल्यावर मेंदू रिकाम्या जागा भरतो. आपण शेजारच्या सीटवर असतो तर, असं तुला वाटतं, म्हणून तू स्वतःला तिथे बसवलंस."

ती म्हणाली, "खरंय. काय सोयीचं सुचतंय बघ मला." आणि गेली.

जरा कठोर झालं का माझं बोलणं? पण असल्या आशेनं ती बरी होणार नाही.

६ मे, शनिवार

गिरिजा कोल्हापूरला गेली. सहा महिन्यांची रजा म्हणते, पण लॅबमधले सगळे नमुने तिनं टाकून दिले. एअरपोर्टच्या बसपर्यंत मी गेले. बसमध्ये चढायलाच तिला दहा मिनिटं लागली. ड्रायव्हर चांगला होता, थांबला. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ घामानं भिजलेली.

काका-काकूही पुढच्या आठवड्यात नागपूरला परत चाललेत. कॉन्व्होकेशनला थांबत नाहीत.

२७ मे, शनिवार
हर्नडन

शंतनूनं वीकेंडला बोलावलं. लायसन्स परत मिळालं आहे. बसस्टॉपवर न्यायला आला, नवी गाडी, खरं तर जुनीच. पुढच्या सीटवर ऑफिसचे खोके होते, मी मागे बसले. आधी ऑफिस दाखवलं. एका काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, चार टेबलं. विक्रमनं दोन माणसं घेतलीत. दारावर पाटी: प्रसन्न सिस्टिम्स. "बाबांना फोटो पाठवला," शंतनू म्हणाला. "बाबा फोनवर रडले. म्हणाले, त्याचं नाव राहिलं."

पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो, आता पुढची सीट रिकामी होती. मी आजवर त्याच्या शेजारी पुढे कधी बसले नव्हते. पुढे नेहमी दुसरंच कोणीतरी असायचं. मी पट्टा ओढला. तो उजव्या खांद्यावरून आला, छातीवरून तिरपा उतरला आणि डाव्या कमरेशी खटकन बसला. शेजारी शंतनूनं त्याचा लावला. डाव्या खांद्यावरून.

मी म्हटलं, "एक मिनिट."

"काय झालं?"

"काही नाही. चल."

तो चालवत होता. वेग बेताचा, दोन्ही हात व्हीलवर. मी समोर बघत होते आणि मनात मलम आणि साबण, मलम आणि साबण, एवढंच चाललं होतं. तो रेस्टॉरंटबद्दल काहीतरी विचारत होता. मी हो म्हणाले.

२८ मे, रविवार

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. घुमवून फिरवून नाही. "कॉफीला थांबलो तेव्हा तू चालवायला बसलास ना?"

त्यानं कप खाली ठेवला. नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. मी प्रार्थनाच करत होते म्हण ना.

"तिचं डोकं फुटायला आलं होतं," तो म्हणाला. "एक तासाचा प्रश्न होता. प्रसन्न मागून कटकट करत होता, स्लो डाउन, स्लो डाउन. मी त्याला दाखवायला अजून थोडा..." आणि थांबला.

"आणि पोलिसाला तू खोटं सांगितलंस."

"मी नाही सांगितलं. आसावरी, तू सांगितलंस. मी तिथे त्याचं डोकं धरून बसलो होतो आणि तू म्हणालीस गिरिजा. मी फक्त नाही म्हटलं नाही. एवढंच केलं मी."

ते खरं होतं.

"नंतर सांगता आलं असतं," मी म्हटलं.

"काय सांगायचं? सस्पेंडेड लायसन्सवर चालवत होतो आणि भाऊ मारला? जेल झाली असती, मग डिपोर्ट. आईबाबांचे दोन्ही मुलगे एका दिवशी गेले असते. गिरिजाचं काय गेलं? लायसन्स. तिला आठवतसुद्धा नाही, यार."

"ती स्वतःला खुनी समजते."

"आणि मी काय समजतो?" तो ओरडला. मग टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. इतकं रडताना मी कोणा पुरुषाला पाहिलेलं नाही. मी उठून त्याच्या केसांतून हात फिरवला. मी उठून गेले नाही, हे नोंदवून ठेवते. मी पुन्हा चहा केला. दुपारच्या बसनं यायचं ते संध्याकाळच्या बसनं आले.

निघताना तो म्हणाला, "तू जे ठरवशील ते." हे त्यानं म्हणायला नको होतं.

११ जून, रविवार

प्रकरण मंजूर झालं. डॉ. व्हिटकरनी समासात लिहिलं आहे, साक्षीदारांच्या हेतूंचं इतकं बारीक वाचन क्वचित पाहिलं. एक शंका काढली आहे: केलेरची गोष्ट सगळ्यात आधी सांगितली कोणी, त्या माणसाबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. उत्तर म्हणून एक तळटीप टाकली. माहिती उपलब्ध नाही.

रोज ठरवते, आज गिरिजाला फोन करीन. मग वाटतं, तिकडे आता काय वाजले असतील. मग वाटतं, नुकतं कुठे ती सावरत असेल, कशाला उकरून काढायचं. मग वाटतं, शंतनूनंच सांगायला हवं, माझं ते काम नाही. ही सगळी कारणं मी लिहिते तेव्हा बरी दिसतात.

शंतनू रोज फोन करतो. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. ऑगस्टमध्ये मी हर्नडनला राहायला यावं असं त्याचं म्हणणं आहे. मी नाही म्हटलेलं नाही.

२ जुलै, रविवार

गिरिजाची ईमेल.

राजाराम काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. शंतनूला इथून हलता येत नाही, बाहेर गेला तर व्हिसा अडकेल. काकूंना एकटीनं उचलवत नाही. म्हणून गिरिजा नागपूरला गेली आहे. कोल्हापूरहून ट्रेननं, रात्रभर बसून, कारण तिला झोप लागली तर भीती वाटते. तिनं लिहिलंय: "पीएच.डी. सोडल्याचं युनिव्हर्सिटीला कळवलंय. आई खूप रागावली. पण माझ्यामुळे त्यांच्याकडचा करणारा मुलगा गेला, तर करायला मी नको का? काकू मला आपली म्हणतात. इथेच राहीन म्हणते, काका असेतोवर. नंतर काकू आहेत. तू तिथे शंतनूकडे लक्ष दे. तो आतल्या आत खातोय स्वतःला."

तिला अठ्ठाविसावं लागलंय.

९ जुलै, रविवार

आज फोन केला. इथे सकाळचे नऊ, तिकडे संध्याकाळ. काकूंनी उचलला. माझा आवाज ऐकून त्यांना आनंद झाला. काका आता चमच्यानं खातात, गिरिजा त्यांना पेपर वाचून दाखवते, तिच्या हातची भाकरी त्यांना आवडायला लागली, असं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "देवानं एक नेलं अन् एक दिलं, असंच समजते मी. घे, तिलाच देते."

"बोल गं," गिरिजा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काकू जवळ आहेत?"

"इथंच आहेत की. आम्ही भाजी निवडतोय."

"मग तू फक्त ऐक. काही बोलू नकोस."

"बरं."

मी सांगितलं. कॉफीला गाडी थांबली तेव्हा शंतनू चालवायला बसला. तू त्याच्या शेजारी होतीस. उजवीकडची काच, मांडीवरचा कप, ते खरं होतं. तुझा पट्टा उजव्या खांद्यावरून आला होता, त्याचा डाव्या. त्यानं कबूल केलंय. तू चालवत नव्हतीस, गिरिजा. तू काहीच केलं नाहीस.

काकूंचा आवाज आला, "काय म्हणते ती? बरी आहे ना?" आणि गिरिजानं त्यांना अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "बरी आहे. तिचं प्रकरण मंजूर झालं म्हणते."

मग पावलं वाजली, दार लोटल्याचा आवाज झाला. कुकर दूर गेला. ती बहुतेक गॅलरीत आली.

"काकांना हे कळलं तर ते आजच जातील," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"काकूंना तो एकच राहिलाय."

"माहीत आहे मला."

"आणि तू ते माझ्या ओटीत टाकलंस." आवाज चढलेला नव्हता. खालून रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. ती श्वास घेत होती, मोजून घेतल्यासारखा.

"मी तुला सांगितलं होतं, काच माझ्या उजवीकडे होती म्हणून," ती म्हणाली. "तू म्हणालीस, मेंदू रिकाम्या जागा भरतो."

"तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं."

"होय. मग केव्हा कळलं तुला?"

"आजच," मी म्हटलं. "आज सकाळी."